पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी: मित्रमंडळींसोबत निवांत शनिवार-रविवार कसा घालवावा

मी परभणीहून नोकरीसाठी पुण्यात आले, त्याला आता बारा वर्षे झाली. पहिल्या वर्षातले बहुतेक शनिवार-रविवार मी दमून संपवले, कारण सुट्टीच्या दोन दिवसांत जमेल तितके शहर पाहून घ्यायचे, असा माझा आणि माझ्यासारख्याच नव्याने आलेल्या मैत्रिणींचा आग्रह असे. एका रविवारी आम्ही पहाटे सिंहगड, दुपारी कॅम्पात खरेदी आणि संध्याकाळी नाटक असा बेत केला होता. गडावरून उतरताना घाटात वाहनांच्या रांगेत दोन तास गेले, खरेदी घाईघाईत उरकावी लागली, आणि नाट्यगृहात शिरलो तेव्हा पहिला अंक निम्मा होऊन गेला होता. सोमवारी कामावर बसले तेव्हा आदल्या दिवशीचे आठवत होते ते फक्त रस्ते. पुढे शहरात रुळत गेले तसे लक्षात आले, की पुण्याला स्वतःचा एक दिनक्रम आहे: पहाटे टेकडी, सकाळी नाश्ता, दुपारी विसावा, संध्याकाळी बाजार किंवा नाटक. या दिनक्रमाच्या कलाने घेतले तर निवांतपणा वेगळा आखावा लागत नाही. त्याच्या उलट जायला लागलो की दोन्ही दिवस धावपळीत जातात. नव्याने आलेल्या चार-पाच मित्रमैत्रिणींनी एकत्र घालवावा असा एक शनिवार-रविवार त्या दिनक्रमाप्रमाणे कसा जुळवावा, ते इथे क्रमाने सांगते.

गुरुवारी करायची कामे

सुरुवात शनिवारी नव्हे, गुरुवारी संध्याकाळी करावी. आधी माणसे ठरवावीत. चार किंवा पाच ही संख्या मला सर्वांत सोयीची वाटते. त्याहून जास्त झाले की प्रत्येक चौकात कोणाची तरी वाट पाहत थांबावे लागते आणि घरी स्वयंपाक करायचा तर ओट्यापाशी उभे राहायलाही जागा उरत नाही. रिक्षात तिघांनाच बसता येते, हेही ध्यानात ठेवावे. चौघे-पाच जण असाल तर मेट्रो आणि पायी चालणे हेच सोपे पडते, आणि पेठांमध्ये तर वाहनापेक्षा पायी माणूस लवकर पोहोचतो.

त्यानंतर शहराचा कोणता भाग हे ठरवावे, आणि एका दिवसाला एकच भाग घ्यावा. मुठा नदीच्या एका अंगाला कसबा, शनिवार, सदाशिव, शुक्रवार अशा जुन्या पेठा आहेत. दुसऱ्या अंगाला डेक्कन जिमखाना, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता आणि त्यांच्यामागे टेकड्या आहेत. पूर्वेला कॅम्प आणि त्यापलीकडे कोरेगाव पार्क. शनिवार पेठांना द्यावा आणि रविवार डेक्कनला. कॅम्पातल्या बेकऱ्या, इराणी हॉटेले आणि महात्मा गांधी रस्ता यांच्यासाठी वेगळा शनिवार ठेवावा. या आठवड्यात तिकडे वळू नये.

येण्याजाण्यासाठी मेट्रोचे दोन मार्ग समजून घेतले की नव्या माणसाची निम्मी काळजी मिटते. एक मार्ग वनाझहून डेक्कन, पुणे रेल्वे स्टेशन, येरवडा असा रामवाडीपर्यंत जातो. दुसरा पिंपरी-चिंचवडहून शिवाजीनगरमार्गे जमिनीखालून कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट गाठतो. जिल्हा न्यायालय (आधीचे नाव सिव्हिल कोर्ट) या स्थानकावर दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात आणि तिथे गाडी बदलता येते. मंडईपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि माझ्या मते पेठांमध्ये निवांत फिरण्याच्या दृष्टीने शहरात अलीकडे झालेली ही सर्वांत मोठी सोय आहे, कारण त्यामुळे दुचाकी कुठे लावायची ही चिंता उरली नाही. खराडीकडे राहणाऱ्यांनी रामवाडीला आणि पिंपरीकडे राहणाऱ्यांनी जवळच्या स्थानकावर भेटण्यापेक्षा सगळ्यांनी थेट मंडई स्थानकाबाहेर भेटावे, म्हणजे वाटेत कोणी कोणासाठी खोळंबत नाही.

नाटकाचे तिकीटही गुरुवारीच काढावे. रविवारी संध्याकाळच्या गाजलेल्या प्रयोगाची पुढच्या रांगांची तिकिटे शनिवारपर्यंत उरत नाहीत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती पाहून प्रयोग निवडावा आणि ऑनलाइन किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवर जागा घ्यावी. बजेट कमी असेल तर बाल्कनी घेण्यात काहीच कमीपणा नाही. पहिल्या दोन वर्षांत मी पाहिलेली बहुतेक नाटके बाल्कनीतून पाहिलेली आहेत.

पैशांचे बोलणेही आधीच करून टाकावे. ज्याने त्याने आपापला खर्च करण्याला पुण्यात टीटीएमएम म्हणतात, म्हणजे तुझे तू, माझे मी. एकाने दोन दिवस सगळा खर्च करावा, लिहून ठेवावा आणि रविवारी रात्री प्रत्येकाने आपला वाटा पाठवावा, ही पद्धत आमच्यात टिकली आहे. कोणाला नुकतीच नोकरी लागलेली असते, कोणी अजून शोधात असतो. त्यामुळे खर्चाचा आकडा आधी कळलेला असला तर कोणावर संकोचाने नाही म्हणण्याची वेळ येत नाही.

शेवटचे म्हणजे, कोणाच्या घरी स्वयंपाक करायचा ते ठरवून घरमालकांना किंवा सोसायटीच्या रखवालदाराला आधी सांगून ठेवावे. पीजीत राहणाऱ्यांना पाहुणे आणता येत नाहीत आणि काही ठिकाणी रात्री परतण्याची वेळही ठरलेली असते. ज्यांच्यावर असे बंधन आहे त्यांची सोय पाहूनच घर निवडावे.

शनिवार सकाळ

शनिवारची सकाळ कोणालाही देऊ नये. कपडे धुणे, खोली झाडणे, घरी आईवडिलांना सावकाश फोन करणे, उशिरापर्यंत झोपणे, जे काही आठवड्याचे साचले असेल ते करून घ्यावे. ही कामे मागे ठेवून बाहेर पडले की ती दोन दिवस मनात ठुसठुसत राहतात. दुपारचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे.

शनिवार दुपार: केळकर संग्रहालय

जुन्या पेठांमधली अनेक दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात. नव्या माणसाला याचा राग येतो, पण या वेळेचा उपयोग करून घेता येतो. दुकाने बंद असली तरी शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय त्या वेळी उघडे असते. मंडई स्थानकावर अडीच वाजता भेटून पायी तिथे जावे.

हे संग्रहालय डॉ. दिनकर गंगाधर केळकर या एका माणसाने जमवलेल्या वस्तूंचे आहे. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच, सात वर्षांचा असताना गेला, आणि त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी देशभर फिरून वीस हजारांहून अधिक वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये त्या महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. यातल्या थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात, तरीही सगळे पाहायचे म्हटले तर पाय दुखू लागतात. म्हणून नव्या माणसांना मी आग्रहाने सांगते की सगळे पाहू नये. प्रत्येकाने एकच प्रकार निवडावा आणि तो नीट पाहावा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अडकित्त्यांसमोर थांबले. आमच्या घरी आजीचा एक साधा लोखंडी अडकित्ता होता. सुपारी कातरायची वस्तू यापलीकडे तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. इथे अडकित्त्याच्या दोन मुठी म्हणजे एकमेकांसमोर उभी राहिलेली माणसे होती, कुठे घोडा होता, कुठे पक्षी होता, आणि कारागिराने बिजागरीची खीळसुद्धा नक्षीत सामावून घेतली होती. शेजारी पाय घासायच्या वज्री होत्या. खालची बाजू खरखरीत, कामाची. आणि वर मुठीच्या जागी पितळेचे छोटे हत्ती, मोर, बायका. अंघोळीच्या दगडावर ठेवायच्या वस्तूवर कोणी इतका जीव लावला असेल, हे पाहताना माझ्याबरोबरची बीडची मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आमच्या वाड्यातली अशीच एक वज्री मोडीत घातली गं.” त्यानंतर आम्ही दोघी बाहेरच्या पायरीवर बसून आपापल्या घरांतल्या हरवलेल्या वस्तूंबद्दल अर्धा तास बोलत होतो. मित्रांसोबत संग्रहालयात जावे ते यासाठी. कोथरूडला पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही इथे आणून मांडलेले आहेत. दिवे, दारे, वाद्ये आहेतच. दीड तास पुरेसा होतो.

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून सदाशिव पेठेत चालत गेले की निंबाळकर तालमीच्या चौकाजवळ सुजाता मस्तानी हे दुकान लागते. मस्तानी म्हणजे घट्ट दुधाचे पेय आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. ती चमच्याने सुरू करून पेल्याने संपवावी लागते. उन्हाळ्यात आंब्याची घ्यावी. एकट्याने एक पूर्ण मस्तानी घेतली तर रात्रीच्या जेवणाची भूक उरत नाही, म्हणून दोघांत एक घेण्याचा सल्ला देते. थंडीच्या दिवसांत तिच्याऐवजी एखाद्या अमृततुल्यात चहा घ्यावा. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली ही चहाची दुकाने आहेत. दारातच चुलीपुढे बसलेला माणूस पितळी पातेल्यात आले-वेलदोड्याचा चहा उकळत असतो आणि तो फडक्यातून गाळून देतो. तिथे बसायला बाक थोडेच असतात, तेव्हा चहा संपला की उठावे आणि पुढच्या माणसाला जागा द्यावी.

संध्याकाळ: मंडई

पाचच्या पुढे पेठा पुन्हा जाग्या होतात. तुळशीबागेच्या बाजारातून जावे, पण या वेळी खरेदीसाठी थांबू नये. शनिवारच्या संध्याकाळी तिथे इतकी गर्दी असते की पाच जणांपैकी एक जण हमखास हरवतो. गल्लीच्या आत राममंदिराचे आवार आहे, तिथे घटकाभर टेकावे. भातुकलीची पितळी भांडी विकणारी दुकाने याच भागात आहेत आणि ज्यांच्या घरी लहान मुली आहेत त्यांनी त्यांच्यासाठी पुढच्या खेपेला काय न्यायचे ते पाहून ठेवावे.

तिथून महात्मा फुले मंडई अगदी जवळ आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने ती रे मार्केट म्हणून ओळखली जाई. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते आणि या बांधकामावरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तोच पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. आत शिरल्यावर विक्रेते उंच ओट्यांवर बसलेले दिसतात आणि आपण खालून वर पाहत भाव विचारतो. “काय देऊ ताई?” या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये, आधी एक पूर्ण फेरी मारावी, भाव ऐकावेत, मग ठरवावे.

काय घ्यायचे ते रात्रीच्या जेवणावर अवलंबून आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे: वांग्याचे भरीत करावे. पाच जणांना पुरते, कोणालाही करता येते, आणि चुकले तरी खाता येते. भरताचे वांगे हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके लागावे. जड लागले तर आत बिया जास्त निघतात. देठ हिरवेगार आणि साल ताणलेली असावी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चकचकीत दिसली म्हणून मोठमोठी वांगी उचलली होती, तेव्हा ओट्यावरच्या मावशींनी त्यातली दोन बाजूला काढून दुसरी दिली आणि म्हणाल्या, “ही घे, ही गोड आहेत.” त्या दिवसापासून मी निवड त्यांच्यावरच सोपवते. त्याबरोबर कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर आणि लिंबे घ्यावीत. कापडी पिशव्या घरून न्याव्यात.

भाकरी सर्वांनाच थापता येते असे नाही. त्यासाठी पुण्यात एक उत्तम सोय आहे, ती म्हणजे पोळी-भाजी केंद्रे. जवळपास प्रत्येक भागात घरगुती पद्धतीने पोळ्या-भाकरी करून देणाऱ्या बायका असतात. दुपारी फोन करून पंधरा ज्वारीच्या भाकरी सांगून ठेवल्या की संध्याकाळी घरी जाताना उचलता येतात. ऐन जेवणाच्या वेळी मागायला गेले तर मिळतीलच असे नाही.

रात्र: प्रत्येकाच्या गावचे काहीतरी

शनिवारच्या रात्री बाहेर जेवायला जाऊ नये. उपाहारगृहांबाहेर नाव लिहून थांबावे लागते, आणि टेबल मिळाले की मागचे लोक आपल्या उठण्याची वाट पाहत असतात. अशा ठिकाणी गप्पा होत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या गावाहून आलेले काहीतरी घेऊन यावे. परगावाहून आलेल्या प्रत्येकाच्या खोलीत अशी एक बरणी असतेच. आमच्यात कोल्हापूरच्या मित्राचा कांदा-लसूण मसाला असतो, जळगावच्या मैत्रिणीची बिबड्या-पापडाची पिशवी असते, आणि माझ्याकडे परभणीहून आलेले येसर.

येसर हे मराठवाड्याबाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. धान्य, हरभऱ्याची डाळ आणि खडा मसाला भाजून, सुके खोबरे घालून दळलेले ते पीठ असते. आमच्याकडे लग्नकार्यात ते आवर्जून करतात. आमटी करायची तर चार-पाच मोठे चमचे येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यावे. पहिल्यांदा मी ते सरळ उकळत्या पाण्यात टाकले आणि पातेलेभर गाठी झाल्या, आईला फोन लावला तर ती म्हणाली, “अगं, गार पाण्यात कालव आधी, मग ओत.” तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यावर हे कालवण ओतावे, मीठ घालावे आणि मंद आचेवर वर तवंग येईपर्यंत उकळू द्यावे. निवल्यावर ही आमटी घट्ट होते, म्हणून करताना वाटते त्यापेक्षा पातळ ठेवावी.

भरताची वांगी तेल लावून, सुरीने दोन-चार ठिकाणी टोचून थेट गॅसवर भाजावीत. टोचायला विसरू नये, नाहीतर वांगे फुटते आणि शेगडी साफ करण्यात रात्र जाते. भाजताना कोणीतरी एकाने फक्त वांगी फिरवत उभे राहावे. एरवी अबोल असलेला मित्र या कामाला लावावा, हातात काम असले की तो बोलू लागतो. साल काढून ठेचलेल्या वांग्यात मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून फोडणी. पाहुण्यांनी बसून राहण्याची पद्धत या घरी नसावी; कोणी कोथिंबीर निवडावी, कोणी ताटे धुवावीत. जेवणानंतरची भांडी त्याच रात्री सगळ्यांनी मिळून घासून टाकावीत, कारण रविवारी पहाटे उठायचे आहे. दहानंतर आवाज कमी करावा. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार आली की पुढच्या वेळी हे घर मिळणार नाही.

रविवार पहाट: टेकडी

पुण्यात सकाळी फिरायला जाणे म्हणजे टेकडीवर जाणे. पहिल्या वेळी हनुमान टेकडी घ्यावी. ती फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागे आहे, सेनापती बापट रस्त्याच्या किंवा गोखलेनगरच्या बाजूने चढता येते, आणि चढ इतका सौम्य आहे की आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसालाही जमतो. सहाच्या सुमारास पायथ्याशी असावे. वर पोहोचेपर्यंत उजाडते आणि खाली शहर दिसू लागते. आपण रोज ज्या रस्त्यांवर अडकतो ते इथून किती जवळजवळ आहेत हे पाहून नव्या माणसाला शहराचा नकाशा पहिल्यांदा समजतो.

पायात दम असेल त्यांनी पुढच्या वेळी वेताळ टेकडीवर जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातली सर्वांत उंच जागा आहे. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, जुन्या दगडखाणीत पाणी साठलेले असते, आणि पहाटे मोरांचे ओरडणे ऐकू येते. या टेकडीला लागून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाला पुणेकरांनी दीर्घकाळ विरोध केला आहे. वर रोज येणाऱ्या ज्येष्ठांशी बोलले तर ते प्रत्येक झाडाची आणि पाण्याच्या वाटेची माहिती देतात. त्यांच्याशी जरूर बोलावे. स्पीकरवर गाणी लावू नयेत, खाण्याच्या पिशव्या वर नेऊ नयेत, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात काडी ओढू नये. एका ठिणगीने पूर्ण उतार जळतो. अंधार असताना एकट्याने आडवाटेने जाऊ नये, हे मुलींना आणि मुलांना सारखेच लागू आहे.

सिंहगडाचा मोह होईल. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरचा हा गड पाहण्यासारखा आहेच, पण रविवारी वाहनाने गेलात तर घाटात अडकाल. जायचेच तर वेगळ्या दिवशी, आतकरवाडीच्या पायवाटेने, उजाडायच्या आत चढायला सुरुवात करावी आणि वर दही व पिठलं-भाकरी खाऊन दहाच्या आत उतरावे.

नाश्ता आणि दुपार

टेकडी उतरल्यावर फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, रूपाली किंवा वाडेश्वर यांपैकी जिथे जागा मिळेल तिथे बसावे. साडेसातच्या आत पोहोचले तर थांबावे लागत नाही. नऊनंतर बाहेर नावे लिहायची यादी सुरू होते. वैशालीत एसपीडीपी म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरी संध्याकाळी खावी, सकाळी इडली आणि कॉफी. इराणी चहा आणि बनमस्का हवा असेल त्यांनी डेक्कनच्या चौकात १९३५ पासून असलेल्या गुडलक कॅफेत जावे. मिसळीच्या चाहत्यांना मी नदी ओलांडून नारायण पेठेत बेडेकरांकडे पाठवते, मात्र झणझणीत मिसळीची अपेक्षा घेऊन जाऊ नये. पुण्याच्या या मिसळीला किंचित गोडसर चव आहे आणि कोल्हापूरच्या माणसाने तिची तुलना न करता ती वेगळा पदार्थ म्हणून खावी.

नाश्त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात अर्धा तास बसावे. एकाच दगडात कोरलेले, साधारण आठव्या शतकातले हे लेणे रस्त्याच्या पातळीखाली आहे. बाहेर वाहनांचा कल्लोळ चालू असतो आणि दोन पायऱ्या उतरल्या की तो निवतो. अंगणातला नंदीचा मंडप गोल आहे, त्याच्या जाड खांबांना टेकून सकाळचे ऊन घेता येते. ही जागा संरक्षित स्मारक आहे आणि भाविकांच्या पूजेचीही आहे, म्हणून आवाज न करता बसावे.

नंतर सगळ्यांनी आपापल्या घरी जावे. दुपारचे चार तास एकमेकांपासून वेगळे राहण्यासाठी आहेत. वरण-भात खाऊन वामकुक्षी घ्यावी. दोन दिवस सतत एकत्र राहिलेल्या माणसांची रविवारी संध्याकाळी हमखास कुरबूर होते, आणि ती भांडणे बहुतेक वेळा झोप न झाल्याची असतात.

संध्याकाळ: नाटक

रविवारचे प्रयोग साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळांना असतात. साडेपाचचा घ्यावा, म्हणजे जेवायला वेळेवर घरी पोहोचता येते आणि सोमवार जड जात नाही. पहिल्या नाटकासाठी बालगंधर्व रंगमंदिर निवडावे. १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९६८ च्या जूनमध्ये ते उघडले तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. प्रायोगिक नाटकाची आवड असेल तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच पाहावा; तिथे नट हाताच्या अंतरावर असतात आणि त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

तिसरी घंटा होण्याआधी जागेवर असावे. मोबाइल नुसता आवाज बंद करून चालत नाही, तो पिशवीत ठेवावा; अंधारात पडद्याचा उजेड नटालाही दिसतो. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा घेणे हा इथल्या नाटकाचा भाग आहे, पण दुसऱ्या अंकाला खाण्याचा कागद वाजवत बसू नये. मराठी कमी समजणारा एखादा मित्र सोबत असला तर त्याला कथानक आधी थोडक्यात सांगून ठेवावे, म्हणजे प्रयोग चालू असताना कुजबुज करावी लागत नाही. प्रयोग संपल्यावर छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकापर्यंत पायी जाता येते, आणि नाटकावरचा वाद तेवढ्या वाटेत बहुतेक मिटतो.

ऋतूप्रमाणे करायचे फेरफार

पावसाळ्यात टेकडीच्या वाटा निसरड्या होतात, तेव्हा खडबडीत तळव्याचे बूट घालावेत. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांमधले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद असतात. मंडई आणि स्वयंपाक सोडून द्यावा आणि पायी मानाचे गणपती पाहावेत, सुरुवात कसबा गणपतीपासून करावी. आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. तो मुक्काम शनिवार-रविवारी आला तर वर सांगितलेला सगळा बेत बाजूला ठेवावा. माझ्या गावाकडचे वारकरी दरवर्षी या शहरातून चालत जातात. त्यांच्यापैकी कोणी भेटले, त्यांना चहा पाजता आला, आपल्या तालुक्याचे नाव त्यांच्या तोंडून ऐकता आले, तर परक्या शहरातला तो दिवस गावचा होऊन जातो.

रविवारी रात्री

निघताना खर्चाचा हिशेब त्याच रात्री पुरा करावा; तो सोमवारवर गेला की महिना मागे पडतो. शनिवारी ज्यांच्या घरी जेवण झाले त्यांचे डबे आणि बरण्या ओळखून ज्याच्या त्याला द्याव्यात. उरलेली येसर आमटी मी पीजीत राहणाऱ्या मैत्रिणीला डब्यात भरून देते. डबा परत देताना रिकामा देऊ नये, ही आपल्या घरांतली रीत तिलाही ठाऊक आहे, म्हणून पुढच्या गुरुवारी तो परत येतो तेव्हा त्यात बीडहून आलेली शेंगदाण्याची चटणी असते, आणि झाकणावर चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर पुढच्या शनिवारी कोणाकडे जमायचे ते लिहिलेले असते.